ताणा नसलेले कापड

भिवंडीच्या साध्या यंत्रमागावर उभा पट्टा काढणे सोपे आणि आडवा पट्टा काढणे कष्टाचे. ताण्याचा बीम भरतानाच ठरावीक जागी रंगीत सूत घेतले, खळ दिली, प्रत्येक तार वहिफणीतून आपापल्या जागी ओवली, की उभ्या पट्ट्याचे काम संपले. माग सुरू झाला की पहिल्या इंचापासून थानाच्या शेवटापर्यंत तो पट्टा आपोआप उतरत राहतो आणि कारीगराला त्याच्याकडे पुन्हा पाहावेही लागत नाही. आडव्या पट्ट्यासाठी धोट्यातली कांडी बदलावी लागते, म्हणजे दर पट्ट्याला माग थांबवावा लागतो. नाहीतर एकाहून जास्त धोटे सांभाळणारी ड्रॉप बॉक्सची व्यवस्था तरी बसवावी लागते. भिवंडीतल्या बहुतेक मागांवर बिनरंगाचे ग्रे कापड निघते आणि त्याला रंग पुढे प्रक्रियेत चढतो. तरीही हा फरक इथल्या कुणा जॉबरला समजावून सांगावा लागत नाही. ताणा आधी येतो, पूर्ण लांबीचा येतो आणि एकसंध असतो. बाणा मागाहून येतो, एकेक तार करून. उभ्या दिशेची सत्ता अशी मागाच्या रचनेतच भरलेली असते.

संगणकाच्या पडद्यावर, वेबच्या पानात तक्ता मांडायला बसले की हे सगळे उलटे होते. एचटीएमएल या भाषेत तक्ता लिहायचा म्हणजे ओळी लिहायच्या. एक ओळ उघडायची, तिच्यात डावीकडून उजवीकडे चौकटी भरायच्या, ओळ बंद करायची आणि पुढची उघडायची. म्हणजे तक्ता नुसत्या बाण्याने विणला जातो. आडव्या ओळीला एक रंग द्यायचा तर एका सूचनेत काम होते. रकान्याला तोच रंग द्यायला गेले की अडचणी सुरू होतात, कारण लिहिलेल्या पानात रकाना नावाची वस्तू कुठेच नसते. पहिल्या ओळीतली चौथी चौकट, दुसऱ्या ओळीतली चौथी चौकट, तिसऱ्या ओळीतली चौथी चौकट एकाखाली एक पडतात आणि आपल्या डोळ्यांना तिथे रकाना दिसतो. रकाना ही तिथे विणलेली वस्तू नाही, तो चौकटींमधला संबंध आहे. वेब शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा भाषेतला दोष वाटतो. माझे म्हणणे असे की बहुतांशी तो दोष नाही. जागेचे गुण रकान्याकडे आणि मजकुराचे गुण चौकटीकडे, अशी ती वाटणी आहे, आणि ही वाटणी एकदा समजली की तक्ता नीट सजवता येतो. एका ठिकाणी मात्र रकान्यावर खरोखर अन्याय झाला आहे. त्याकडे पुढे येतो.

उदाहरण मागाच्या शेडमधलेच घेऊ. समजा, एका कारखान्याची रोजची उत्पादन-वही पानावर मांडायची आहे. सात रकाने: मागाचा क्रमांक, पाळी, कारीगर, मीटर, दर, रक्कम आणि शेरा. दर मागाला दोन ओळी, एक दिवसपाळीची आणि एक रातपाळीची. मालकाला हवे ते एवढेच: रक्कम ठळक अक्षरांत आणि उजव्या कडेला टेकलेली असावी, मीटरच्या रकान्याला फिकट पिवळी छटा असावी, शेरा बारीक अक्षरांत असावा. तिन्ही मागण्या रकान्यांच्या आहेत, ओळीची एकही नाही. हे स्वाभाविकच आहे, कारण तक्त्यात ओळ ही एकेक नोंद असते आणि त्या नोंदीचा अर्थ रकाना सांगतो. सातबाऱ्याचा उतारा असो, रेल्वेचे वेळापत्रक असो किंवा गोदामाची मालयादी, एखादा आकडा मीटर आहे की रुपये हे तो कोणत्या रकान्यात पडला यावरून कळते. सजावटीची गरज रकान्याला जास्त असते ती याच कारणाने, आणि नेमका त्याच्याच बाबतीत ही भाषा हात आखडता घेते.

असे का, हे पाहायचे तर पानाची अंतर्गत रचना पाहावी लागते. एचटीएमएलचे पान वंशवृक्षासारखे असते आणि त्यातल्या प्रत्येक घटकाला एकच पालक असतो. चौकटीची पालक ओळ, ओळीचा पालक तक्त्याचा देह, देहाचा पालक तक्ता. सजावटीची भाषा सीएसएस या वंशावळीवर चालते. अक्षराचा रंग, अक्षराचा आकार, वळण, मजकुराची बाजू हे गुण पालकाकडून अपत्याकडे वारशाने जातात. ओळीला निळा रंग सांगितला की तिच्या चौकटींतली अक्षरे निळी होतात ती याच वारशामुळे. आता रकान्यालाही लाल रंग सांगितला तर निळ्या ओळीतल्या आणि लाल रकान्यातल्या चौकटीने कुणाचे ऐकायचे? कापडात हा पेच पडत नाही. ताणा आणि बाणा जिथे छेदतात तिथे एकच तार वर येते, कोणती ते वीण ठरवते, आणि दोन रंग आलटूनपालटून दिसल्यामुळे लांबून डोळ्याला मिसळलेला तिसराच रंग भासतो. अक्षराला अशी सोय नाही. ते एका क्षणी एकाच रंगाचे असू शकते. पुढे एचटीएमएल ५ चे संपादन करणारे इयन हिक्सन यांनीही हे कोडे उलगडताना अक्षराच्या रंगाचाच दाखला घेतला होता: रंग वंशवृक्षातून उतरतो, आणि चौकट त्या वृक्षात रकान्याचे अपत्य नाही.

तरीही रकान्याला भाषेत अगदीच जागा नाही असे नव्हे. तक्त्याच्या आरंभी, पहिल्या ओळीच्या आधी, ‘कोल’ नावाची खूण लिहिता येते, एका रकान्यासाठी एक. तिच्या पोटात काही नसते. ती फक्त घोषणा करते की इथे एक रकाना असणार आहे. मे १९९८ मध्ये जाहीर झालेल्या सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीने या खुणेला चारच गुण बहाल केले: कडेची रेघ, पार्श्वभूमी, रुंदी आणि दृश्यता. त्यांनाही अटी आहेत. रेघ लागू होते ती शेजारच्या चौकटींच्या रेघा एकमेकींत मिसळलेल्या असतील तेव्हाच. दृश्यतेत फक्त अख्खा रकाना मिटून टाकण्याची मुभा आहे. पार्श्वभूमीचा हिशेब सहा थरांचा आहे: सर्वांत खाली तक्ता, त्यावर रकान्यांचा गट, मग रकाना, मग ओळींचा गट, मग ओळ आणि सर्वांत वर चौकट. म्हणजे रकान्याचा रंग ओळीच्या खाली दबतो. मीटरच्या रकान्याला पिवळी छटा दिली आणि वाचायला सोपे जावे म्हणून एकाआड एक ओळी राखाडी केल्या, तर राखाडी ओळींमध्ये पिवळा पट्टा नाहीसा होतो आणि रकाना तुटक दिसू लागतो. ओळींचा राखाडी रंग अर्धपारदर्शक ठेवला की खालचा पिवळा त्यातून झिरपतो आणि उभ्या-आडव्या पट्ट्यांचे, चौकडीच्या लुंगीसारखे मिश्रण दिसते.

हे चार गुण नीट पाहिले तर त्यांच्यात एक नाते आढळते. चारही गुण जागेचे आहेत. रुंदी म्हणजे जागा किती, पार्श्वभूमी म्हणजे त्या जागेची जमीन, रेघ म्हणजे तिचे कुंपण आणि मिटणे म्हणजे ती जागाच काढून घेणे. चौकटीतल्या मजकुराला यांतला एकही गुण हात लावत नाही. ही निवड योगायोगाने झालेली नाही. रकाना कोणता हे ठरवायला ब्राउझरला आधी सगळ्या चौकटी मोजाव्या लागतात. त्या मोजायच्या तर कोणत्या चौकटी तक्त्यात आहेत हे ठाऊक हवे, आणि ते सजावटीच्या सूचनांवरून कळते. आता रकान्याला मजकुराचे सगळे गुण दिले आणि त्यातल्या एखाद्या सूचनेने सांगितले की ही चौकट पानावर मांडूच नका, तर ती मोजणीतून बाहेर पडेल आणि तिच्यानंतरच्या सगळ्या चौकटी एक जागा अलीकडे सरकतील. सरकलेल्या चौकटी नव्या रकान्यांत गेल्या की त्यांना नव्या सूचना लागू होतील आणि मोजणी पुन्हा बदलेल. या फेऱ्याला शेवट नाही. जागेचे गुण मोजणी पूर्ण झाल्यावर देता येतात आणि त्यांनी मोजणी बिघडत नाही, म्हणून ते रकान्याला मिळाले.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा आहे. जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये ‘कोल’ला सांगितलेला अक्षराचा रंग आणि मजकुराची बाजू खरोखर चौकटींत उतरत असे. एका ब्राउझरला जमत होते ते बाकीच्यांना का जमू नये? हा प्रश्न मोझिला या ब्राउझर-प्रकल्पाच्या दोषनोंदवहीत १९९८ मध्येच दाखल झाला. ती ९१५ क्रमांकाची नोंद आणि तिच्यावर वर्षानुवर्षे वाद होत राहिला. आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला एक भक्कम कागदही होता. डिसेंबर १९९७ मध्ये आलेल्या एचटीएमएल ४ च्या नियमांत मजकुराच्या बाजूचा अग्रक्रम स्पष्ट लिहिला होता: मजकूर डावीकडे, मध्ये की उजवीकडे हे ठरवताना ओळीपेक्षा रकान्याचे आधी ऐकायचे, आणि मजकूर चौकटीत वर, मध्ये की खाली हे ठरवताना रकान्यापेक्षा ओळीचे. हा नियम मला फार समंजस वाटतो. ओळ उंची ठरवते म्हणून उंचीचा प्रश्न तिचा, रकाना रुंदी ठरवतो म्हणून रुंदीचा प्रश्न त्याचा. पण तो लिहिला गेला तेव्हा मजकुराची बाजू हा एचटीएमएलमधला एक सुटा गुण होता आणि त्याच्यासाठी सुटा नियम करणे शक्य होते. पुढे सजावटीचा सगळा कारभार सीएसएसकडे गेला. तिथे शेकडो गुणांसाठी वारशाचा एकच मार्ग आहे. बाजूपुरता दुसरा पालक मानायचा तर रंगासाठी का नको, आकारासाठी का नको, हा प्रश्न लगेच उभा राहतो आणि गाडी वरच्या फेऱ्यापाशी येऊन थांबते. एचटीएमएल ५ ने २०१४ मध्ये रकान्यावरचा तो जुना बाजूचा गुण बाद ठरवला.

त्या निर्णयात जे गमावले गेले ते मान्य केलेच पाहिजे. एचटीएमएल ४ मध्ये आणखी एक सोय लिहिलेली होती: रकान्यातले आकडे एखाद्या चिन्हावर, विशेषतः दशांश चिन्हावर, एकाखाली एक जुळवण्याची. ब्राउझरांनी ती जवळपास अंमलात आणलीच नाही. सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीतही तशी तरतूद होती. सुधारित २.१ आवृत्तीतून ती वगळली गेली आणि आता पुढच्या आवृत्तीच्या मसुद्यात पुन्हा येऊन बसली आहे. इथे माझ्या ‘जागा रकान्याची, मजकूर चौकटीचा’ या वाटणीलाच तडा जातो. दशांश चिन्ह कुठे पडावे हे एकटी चौकट ठरवू शकत नाही. वरच्या आणि खालच्या चौकटींत किती अंक आहेत हे पाहिल्याशिवाय चिन्हाची जागा सापडत नाही, म्हणजे हा गुण मजकुराचा असूनही रकान्याखेरीज कुणाला पेलणारा नाही. हिशेबाच्या वहीत शतकानुशतके सहज होत आलेली गोष्ट वेबच्या तक्त्यात अजून सरळ होत नाही, याची रुखरुख वाटते. तूर्त एकच पक्की वाट आहे. प्रत्येक रकमेत दशांशानंतर दोनच अंक लिहायचे, पूर्ण रुपये असले तरी दोन शून्ये लिहायची आणि रकान्यातल्या चौकटी उजवीकडे टेकवायच्या. मीटरमागे पैशांत ठरणाऱ्या मजुरीच्या हिशेबात दोन अंक तसेही लागतातच. मराठी अंकांसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. १ आणि ६ यांची रुंदी सारखी असेल तरच आकडे एकाखाली एक बसतात. सीएसएसमध्ये समरुंद अंक मागण्याची सूचना आहे, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये तसे देवनागरी अंक घडवलेले असतील तरच ती लागू पडते. तेव्हा फॉन्ट निवडताना आकड्यांचा रकाना मांडून पाहावा.

दुसरा आक्षेप एक्सेल वापरणाऱ्यांचा. तिथे रकान्याच्या माथ्यावरचे अक्षर दाबले की अख्खा रकाना निवडला जातो आणि एका क्षणात रंगतो. मग ब्राउझरने एवढे अवघड का करावे? याचे उत्तर दोघांच्या घडणीत आहे. एक्सेलमध्ये चौकटीला पालक नसतो, पत्ता असतो: अमुक रकाना, अमुक ओळ. दोन्ही दिशा बरोबरीच्या असतात. रंगवलेली ओळ आणि रंगवलेला रकाना छेदतात तिथे ज्याला मागाहून रंगवले त्याचा रंग टिकतो, कारण तिथे माणूस वेळेच्या क्रमाने आज्ञा देत असतो. संगणनाच्या इतिहासात तर एक मोठा काळ रकान्याच्याच राज्याचा होता. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची यंत्रे भोके पाडलेल्या कार्डांवर चालली, आणि आयबीएमने १९२८ मध्ये आणलेल्या ऐंशी रकान्यांच्या कार्डात प्रत्येक रकाना म्हणजे एक अंक किंवा एक अक्षर. कार्डे लावणारे यंत्र एका फेरीत एकाच रकान्यावर कार्डे वेगळी करी. जाकारच्या मागावरच्या छिद्रांच्या पट्ट्यांपासून निघालेली ही परंपरा. तेव्हा रकान्याचे दुय्यमत्व ही संगणकाची सक्ती नाही, हे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. ती दस्तऐवजाची सक्ती आहे. पान तारेवरून थोडे थोडे येते, आलेला भाग लगेच वाचता यायला हवा, छोट्या पडद्यावर त्याची मांडणी बदलता यायला हवी आणि न पाहता ऐकणाऱ्यालाही ते क्रमाने ऐकता यायला हवे. त्यासाठी एका धाग्यात ओवलेला मजकूर लागतो, आणि तसा ओवताना दोन दिशांपैकी एकीला पुढे आणावेच लागते.

दोन दिशांचा तोल सावरण्याचा जो प्रयत्न झाला तोही लक्षात घ्यावा. डेव्ह रॅगेट यांनी मे १९९६ मध्ये तक्त्यांचा जो आराखडा मांडला त्यात रकान्यांची घोषणा ओळींच्या आधी ठेवली होती. रकाने किती आणि किती रुंदीचे हे आधीच सांगितले तर उरलेला तक्ता येण्याची वाट न पाहता ब्राउझर ओळी मांडायला लागू शकतो. हे थेट मागासारखे आहे. कापडाचा पन्हा आणि इंचातल्या तारा फणीत आधी ठरतात आणि पहिला बाणा नंतर पडतो. म्हणून तक्त्याची मांडणी स्थिर ठेवायची सूचना देऊन ‘कोल’मध्ये रुंद्या लिहिणे हे त्या खुणेचे सर्वांत चांगले काम आहे. शेकडो ओळींची उत्पादन-वही मोबाइलवर उघडताना रकाने डोळ्यांसमोर हलत-सरकत राहिले तर वाचणाऱ्याचे बोट भलत्या ओळीवर जाते. रुंदी आधी ठरवली की ते थांबते.

मजकुराच्या गुणांसाठी अनेक जण मोजणीचा मार्ग धरतात, आणि तो धोक्याचा आहे. सूचना कोणत्या घटकांना लागू करायची हे सांगणाऱ्या खुणा म्हणजे निवडक; सप्टेंबर २०११ मध्ये मान्य झालेल्या त्यांच्या नियमावलीत ‘ओळीतले सहावे अपत्य’ असे म्हणण्याची सोय आहे. रक्कम सहाव्या रकान्यात, तेव्हा प्रत्येक ओळीचे सहावे अपत्य ठळक आणि उजवीकडे. साध्या तक्त्यात हे चोख चालते. आता आपल्या वहीकडे पाहा. मागाचा क्रमांक दोनदा लिहायला नको म्हणून ती चौकट दिवसपाळी आणि रातपाळी अशा दोन ओळींवर पसरवली जाते, आणि हे अगदी योग्यच आहे. पण त्यामुळे रातपाळीच्या ओळीत क्रमांकाची चौकट लिहिलेलीच नसते. तिथले पहिले अपत्य पाळी, दुसरे कारीगर, तिसरे मीटर, चौथे दर, पाचवे रक्कम आणि सहावे शेरा. म्हणजे रातपाळीच्या प्रत्येक ओळीत रकमेऐवजी शेरा ठळक होऊन उजवीकडे जातो. ज्या दिवशी बीम संपल्यामुळे माग बंद राहिला त्या ओळीत मीटर, दर आणि रक्कम या तीन चौकटी एक करून कारण लिहिले की दिवसपाळीच्या ओळीतही चौथे अपत्य कारण, पाचवे अपत्य शेरा आणि सहावे काहीच नाही. पडद्यावर रकाने सरळ दिसत असतात, कारण ब्राउझरने पसरलेल्या चौकटी हिशेबात धरून जाळे बरोबर आखलेले असते. चुकतात त्या फक्त सूचना. ‘कोल’ला दिलेली मीटरची पिवळी छटा रातपाळीतही अचूक जागी पडते, कारण ती खरे जाळे पाहून पडते. ‘कोल’ला रकाना कळतो पण मजकुरावर त्याला अधिकार नाही, आणि मोजणीला सगळा अधिकार आहे पण रकाना कळत नाही, असा हा पेच आहे. दोघांची सांगड घालणारी एक खूण निवडकांच्या पुढच्या पातळीच्या मसुद्यात लिहिलेली आहे, पण आजवर कोणत्याही प्रमुख ब्राउझरने ती उतरवलेली नाही.

मग सरळ मार्ग एकच उरतो: प्रत्येक चौकटीला ती काय आहे हे सांगायचे. रकमेच्या प्रत्येक चौकटीवर ‘रक्कम’ हे वर्गनाम, शेऱ्याच्या प्रत्येक चौकटीवर ‘शेरा’. मग चौकट कुठेही सरकली, कितीही पसरली तरी तिची ओळख तिच्याजवळ राहते. यावर हमखास येणारा आक्षेप पुनरुक्तीचा. चोवीस माग, दोन पाळ्या, म्हणजे अठ्ठेचाळीस ओळी, आणि प्रत्येक ओळीत तेच शब्द पुन्हा पुन्हा. पण हे शब्द माणूस लिहीत नाही. साच्यात एकदा लिहिले की प्रोग्राम ते सगळ्या ओळींत उतरवतो. पान पाठवताना सर्व्हर ते दाबून लहान करतो, आणि वारंवार येणारे सारखे शब्द हेच त्या दाबणीत सर्वांत जास्त आकसतात. दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे: सजावट मजकुरापासून वेगळी ठेवायची हे सीएसएसचे मूळ तत्त्व, आणि आपण मजकुरात सजावटीची नावे पेरतो आहोत. वर्गाचे नाव ‘लाल’ किंवा ‘उजवीकडे’ ठेवले तर हा आक्षेप खरा आहे. ‘रक्कम’ हे नाव सजावटीचे नाही, अर्थाचे आहे. उद्या रक्कम हिरवी करायची ठरली तरी नाव बदलावे लागत नाही. आणि ही नावे इंग्रजीतच हवीत असा नियम नाही. पान यूटीएफ-८ मध्ये साठवले असेल तर ‘रक्कम’, ‘मीटर’, ‘शेरा’ ही देवनागरीतली वर्गनामे एचटीएमएल आणि सीएसएस दोन्हींना चालतात. ज्या कारखान्याची वही मराठीत आहे तिथे दोन वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्या माणसाला याचा खरा उपयोग होतो.

अर्थ चौकटीजवळ ठेवण्याचे आणखी फायदे आहेत. अरुंद पडद्यावर सात रकाने मावत नाहीत. तेव्हा पहिला रकाना जागेवर चिकटवून बाकीचे सरकते ठेवतात, आणि ती चिकटण्याची सूचना चौकटींना द्यावी लागते, ‘कोल’ला ती लागू होत नाही. कुणी प्रत्येक ओळ मोडून तिची उभी चिठ्ठी करतात. तिथे रकाना उरतच नाही, त्याच्याबरोबर ‘कोल’ही निकामी होतो, पण रक्कम रक्कमच राहते आणि ठळकच दिसते. पडदा न पाहता ऐकून वाचणाऱ्यांसाठी मात्र वर्गनाम पुरत नाही, कारण पडदावाचक ते वाचत नाही. त्यांच्यासाठी रकान्याच्या माथ्यावरची चौकट शीर्षक-चौकट म्हणून लिहायची आणि ती रकान्याचे शीर्षक आहे असे नोंदवायचे. मग वाचक-यंत्र आकड्याआधी ‘मीटर’ किंवा ‘रक्कम’ उच्चारू शकते. त्यासाठी ब्राउझर जाळ्यातला खरा रकाना शोधतो, पसरलेल्या चौकटी धरून. सजावटीत दुय्यम ठरलेला रकाना इथे पूर्ण मानाने वावरतो.

या सगळ्याची कसोटी वही बदलते तेव्हा लागते. समजा, कारीगराने घेतलेली उचल दाखवणारा नवा रकाना दर आणि रक्कम यांच्या मध्ये घालायचा आहे. मोजणीने सजवलेल्या तक्त्यात रक्कम सातवी होते आणि शेरा आठवा. जुन्या सूचना उचल ठळक करतात, रकमेची अक्षरे शेऱ्यासारखी बारीक होतात, आणि रातपाळीच्या ओळींसाठी वेगळे अंक लिहून ठेवले असतील तर तेही पुन्हा जुळवावे लागतात. वर्गनामांनी सजवलेल्या तक्त्यात साच्यात ‘उचल’ नावाची एक चौकट वाढते आणि तिच्यासाठी एक सूचना. बाकी काही हलवावे लागत नाही. फक्त ओळींच्या आधीच्या घोषणेत पाचव्या ‘कोल’नंतर एक नवा ‘कोल’ घालायची आठवण ठेवावी लागते, नाहीतर पुढच्या सगळ्या रुंद्या एक रकाना डावीकडे सरकतात. बीम भरताना एक तार कमी घेतली की फणीतल्या पुढच्या सगळ्या तारा एक घर सरकून बसतात, तसेच हे.